वाघजाईच्या राईतली फांदी

मुळशीच्या डोंगरात झाडाला कुणी अंगभर वाढू देत नाही. भाताचं रोप टाकायच्या आधी वाफा भाजावा लागतो, भाजायला राब लागतो, आणि राब म्हणजे झाडाच्या फांद्या आणि पाला. पौष सरत आला की माणसं कोयता घेऊन झाडावर चढतात आणि ऐन, किंजळ, नाणा, जे हाताला येईल ते सवळून काढतात. म्हणून डोंगरभर नुसते खुंट उभे असतात आणि खुंटांच्या डोक्यावर चार फुटवे. पुरतं वाढलेलं झाड बघायचं तर वाघजाईच्या राईतच जावं लागे.

ही राई कोंडवाडीच्या वर, निम्म्या डोंगरात होती. राईतली वाळकी काटकीही कुणी उचलायची नाही, पडलेलं झाड तिथंच कुजायचं. चपला आणि लोखंड हद्दीच्या धोंड्यापाशी ठेवायचं आणि मग आत पाय टाकायचा. कुशाबा गुरव तिथला पुजारी. बाप गेला तेव्हापासून तीस वर्षं तो देवीची पूजा करत होता आणि वाडीला कौल लावून देत होता. साठीला आलेला, अंगाने वाळका, बोलायला कमी. वाडीत त्याच्या शब्दाला वजन होतं, कारण तो शब्द त्याचा नसून देवीचा आहे असं सगळे मानत. तोही मानत होता.

ब्याऐंशी साली कार्तिकात पुण्याहून एक फोटोवाला आला. हैबतराव पाटलाच्या ओळखीने आला होता. खांद्याला कॅमेरा, हातात तीन पायांची घोडी आणि चष्म्याला दोरी. पाटलाने कुशाबाला बोलावून घेतलं.

"कुशाबा, ह्यांना राईतली झाडं दाव. रंगाचं फोटू पाहिजेत त्यांना."

"रंगाचं म्हंजी?"

फोटोवाला म्हणाला, "बाबा, कॅलेंडरवाले दरवर्षी काश्मीरचा डोंगर छापतात. चिनाराची लाल पानं. मी त्यांना म्हटलं, आपल्या डोंगरातही रंग येतो, पण कुणी बघायला जात नाही. ते हसले मला."

"किंजळ दावतो तुमाला," कुशाबा म्हणाला. "तांबडीलाल झाली आसंल आता."

किंजळीचा तो रंग पानांचा नसतो. कार्तिकात तिला फळांचे घोस लागतात आणि सगळं झाड विटेच्या रंगाचं होऊन जातं. राईच्या मधोमध एक जुनी किंजळ होती, चार माणसांच्या कवेत न मावणारी. फोटोवाल्याने ती पाहिली आणि चष्मा काढून पुसला.

"ही फळं आहेत? लांबून पानंच वाटतात की हो."

"लांबनं कुनाला कळतंय? चिनाराचं तरी काय ठावं, जवळ जाऊन बगितलंय का तुमी?"

फोटोवाला मोठ्याने हसला. त्या दिवसापासून दोघांचं जमलं.

पहिल्या दिवशी धुक्याने काही दिसू दिलं नाही. दुसऱ्या दिवशी वारा सुटला. फोटोवाला घोडी लावून दिवसभर बसून राहिला आणि एकही फोटो न काढता उठला. रंगीत रोल महाग, वाया घालवायचा नाही, म्हणाला. संध्याकाळी उतरताना त्याने कुशाबाला कॅमेऱ्यातून बघायला सांगितलं. कुशाबाने एक डोळा मिटून दुसरा त्या बारक्या खिडकीला लावला आणि तसाच उभा राहिला. जन्मापासून पाहिलेलं झाड. त्याच्या बुंध्याला तो रोज हळद-कुंकू लावत होता. पण मान वर करून ते पुरतं असं त्याने कधी पाहिलंच नव्हतं. आता त्या चौकटीत ते उभं होतं, सगळंच्या सगळं, आणि त्याला वाटलं, ही तर देवीच उभी आहे.

"आयला," एवढंच तो म्हणाला.

त्या रात्री त्याला हाव सुटली. फोटो नीट निघाला पाहिजे, वाया जाता कामा नये, पुण्यातल्या भिंतींवर आपली किंजळ लागली पाहिजे, असं त्याला फोटोवाल्यापेक्षाही जास्त वाटू लागलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी कुशाबा बांधावर गवत कापत होता. वर पाहिलं तर धुकं फाटलेलं, ऊन उतरलेलं, वाऱ्याचं नाव नाही. त्याने विळा टाकला आणि फोटोवाल्याला हाका मारत निघाला. दोघं धापा टाकत चढले. धोंड्यापाशी कुशाबाने चपला काढल्या आणि तसाच आत शिरला. कमरेमागच्या लाकडी आकडीत कोयता अडकवलेला होता. डोंगरातल्या माणसाच्या कमरेला तो दिवसभर असतो, जानव्यासारखा. असल्याची आठवण राहत नाही.

फोटोवाल्याने घोडी लावली, वाकून पाहिलं आणि च् च् केलं. आज तो दोन हात डावीकडे सरकला होता, उन्हासाठी. तिथून अंजनीची एक फांदी मधे येत होती. मनगटाएवढी, काळ्या-हिरव्या पानांची, बरोबर किंजळीच्या तोंडावर.

"ही फांदी नसती तर," तो पुटपुटला. मग लगेच म्हणाला, "असू दे, मी जागा बदलतो," आणि घोडी उचलायला वाकला.

तो वाकला आणि सरळ झाला, तेवढ्यात काम झालं होतं. कुशाबाने खालून एक आणि वरून एक असे दोन घाव घातले, साल न फाटू देता. राबाचं झाड सवळताना घालतात तसे. फांदी खाली आली. कोयता पुन्हा आकडीत गेला तेव्हा कुठे त्याला कळलं की आपण काय केलं.

"अहो, कशाला तोडलीत?" फोटोवाला म्हणाला. "चालतं ना तुमच्या इथे?"

"चालतंय, चालतंय. काडा तुमी. ऊन जाईल."

त्याने सात फोटो काढले. कुशाबाने तोवर फांदी ओढत करवंदीच्या जाळीमागे नेऊन टाकली. फोटोवाला दुपारच्या एसटीने पौडला गेला. जाताना कुशाबाच्या पाया पडला. कुशाबाने पाय मागे घेतले.

महिना असाच गेला. कुशाबा रोज पूजेला जाई आणि अंजनीकडे न बघता परत येई. त्याला वाटे, खुंट काळा पडेल, पावसात फुटवे येतील, देवी समजून घेईल. आपण काही घरी नेलं नाही. चुलीत घातलं नाही. तिचंच रूप चांगलं निघावं म्हणून तोडली. हे तो मनात इतक्या वेळा बोलला की ते पाठ झालं, आणि पाठ झाल्यावर त्यातला जीव गेला.

मार्गशीर्षातल्या एका मंगळवारी सगळी वाडी निवद घेऊन राईत येते. बायका दगड मांडून चुली पेटवत होत्या, त्यात रत्नाबाई पाणी आणायला झऱ्याकडे गेली आणि ओरडत परत आली. जाळीमागे हिरव्यात वाळलेली फांदी उठून दिसत होती. माणसं गोळा झाली. मग कुणीतरी खुंट शोधून काढला.

"कोयत्याचा घाव हाय," हैबतराव म्हणाले. "सरळ. येका दमात घातल्याला."

"त्यो फोटूवाला आला हुता की," रत्नाबाई म्हणाली.

"त्याच्याकडं कोयता हुता व्हय? पेन्शिल तासाया पातं न्हवतं त्याच्यापाशी. आन् कुशाबा संगं हुता की तिन्ही दिस. काय रं कुशाबा?"

"व्हय," कुशाबा म्हणाला. "हुतो."

ते खरंच होतं, म्हणून सहज निघालं. पुढचं वाक्य तेव्हाच बोलायला हवं होतं. ते घशाशी आलं होतं. पण सगळ्यांची तोंडं त्याच्याकडे होती, आणि त्या तोंडांवर शंकेचा मागमूस नव्हता. त्या विश्वासानेच कुशाबाची जीभ धरली.

कुणीतरी म्हणालं, धनगराची शेरडं रोज झऱ्यावर येतात. शेरडांना पाला कोण तोडतं?

राईच्या वरच्या अंगाला धनगरवाडा होता. वाडा कसला, दोन झोपड्या. त्यातली एक ओस पडलेली आणि दुसरीत सारजाबाई आणि तिचा नवरा धुळा. धुळा दोन वर्षांमागे कड्यावरून घसरला आणि कमरेतून गेला. तेव्हापासून तो झोपडीत पडून होता आणि सगळी शेरडं सारजाबाई एकटी राखत होती. उन्हाळ्यात त्या अंगाला राईतल्या झऱ्याशिवाय पाण्याचा थेंब नव्हता.

ती त्या दिवशी निवदाला आलेलीच होती. नारळ हातात घेऊन पुढे आली.

"शेरडं पानी पित्यात, व्हय. झऱ्यावर येयाला तुमीच मुभा दिलीया. पर कोयता म्या धोंड्याम्होरं कदी न्हेला न्हाई."

"तुला चोर कुटं म्हनलंय आमी अजून?" एकजण म्हणाला आणि दोघं-तिघं हसले.

सारजाबाई चिडली नाही. तिने नारळ कुशाबाच्या हातात दिला. "गुरवबाबा, लावा कौल. आई सांगंल की. आपल्याला कशापायी भांडान?"

कौल लावतात तो असा. दोन कळ्या पाण्यात बुडवायच्या आणि देवीच्या दोन खांद्यांवर चिकटवायच्या. मग गाऱ्हाणं घालून विचारायचं. उजवी आधी पडली तर होय, डावी पडली तर नाही. वाडीतली लग्नं, बांधांची भांडणं, विहिरींच्या जागा, सगळं या दोन कळ्यांवर ठरत आलेलं.

कुशाबाने कळ्यांची वाटी आणि पाण्याचा तांब्या पुढ्यात घेतला. पहिल्यांदा हैबतरावांनी विचारलं, "आई, वाडीतल्या कुनी तोडली का?" कुशाबाने उजवी कळी पाण्यात जरा जास्त वेळ धरली, घट्ट चिकटावी म्हणून. डावी पडली. नाही. माणसांनी सुस्कारे सोडले.

"मग धनगरवाड्यातल्या कुनी तोडली का?"

कळ्या वाटीत होत्या. डावी पाडली तर वाडीतला नाही, धनगरवाड्यातला नाही, राहिला तो फोटोवाला. आणि फोटोवाल्याबरोबर तिन्ही दिवस कोण होतं? एवढं सगळं मनात यायला किती वेळ लागतो? वाटीतून कळी उचलायला लागतो तेवढाच. त्याने उजवी कळी पाण्याला नुसती टेकवली आणि देवीच्या खांद्याला लावली. ती गाऱ्हाणं संपायच्या आधीच पडली.

सारजाबाई खाली पडलेल्या कळीकडे बघत राहिली. मग तिने कुशाबाकडे पाहिलं.

"परत लावा," ती म्हणाली.

"कौल परत लावत न्हाईत, सारजे," हैबतराव म्हणाले. "आईनं सांगितलं, झालं. आता राईच्या हद्दीत पाय टाकायचा न्हाई. मानसानं न्हाई, जनावरानं न्हाई."

आठ दिवसांनी तिने झोपडी मोडली. तिचे दोन भाऊ आले आणि धुळ्याला डोलीत घालून खिंडीपलीकडे घेऊन गेले. मागून शेरडं, त्यांच्यामागे डोक्यावर हंडे घेतलेली सारजाबाई. कुशाबा बांधावर उभा होता. शेरडांच्या गळ्यातल्या घंट्या खिंडीपर्यंत ऐकू येत होत्या.

त्यानंतर त्याचं जेवण तुटलं. बायको रंभाबाई म्हणाली, "अवं, वैद्याला दावा. तोंड बगा कसं झालंय." तो म्हणाला, "काय न्हाई." पौषात टपालाने एक जाड पाकीट आलं. फोटोवाल्याने फोटो पाठवला होता. रंभाबाईने तो हातात घेतला आणि तिचं तोंड उघडंच राहिलं.

"अगं बया! ही आपली किंजळ? काय रूप आलंय वो! भित्तीवर लावू का?"

किंजळ होतीच तशी. उन्हात पेटल्यासारखी, आणि तिच्यासमोर काही नाही. कुशाबाला मात्र त्या फोटोत किंजळ दिसेना. त्याला तिच्यासमोरची रिकामी जागाच दिसे. त्याने फोटो उलटा करून फळीवर ठेवला आणि बायकोला सगळं सांगितलं. फांदीचं सांगितलं. कळीचंही सांगितलं.

रंभाबाईने चुलीतली राख ओढून विस्तव झाकला. मग म्हणाली, "फांदीचं देवी बगून घेईल. त्या बाईचं काय?"

दुसऱ्या दिवशी तो फोटो घेऊन पाटलाच्या पडवीत गेला. चार-पाच माणसं बसली होती. त्याने उभ्या उभ्याच सांगितलं. "फांदी म्या तोडली. सारजानं न्हाई. ह्यो बगा फोटू, हितं मधी फांदी येत हुती."

फोटो हातोहात फिरला. "झ्याक आलाय," एकजण म्हणाला. "पर ह्यात फांदी कुटंय?"

"न्हाईच. तेच तर सांगतुया."

"आरं, नसल्याली फांदी आमी बगायची कशी?"

माणसं हसली. हैबतराव हसले नाहीत. त्यांनी बाकीच्यांना निरोप दिला आणि कुशाबाला बसवून घेतलं.

"तुला त्या धनगरनीची दया आली, मला कळतंय. मलाबी वाईट वाटतंय. पर असं काय बोलू नगंस."

"पाटील, दया न्हाई. खरं सांगतुया."

"मग कौल?"

कुशाबाने मान खाली घातली. "कौल म्या पाडला."

दारात इंदूबाई, पाटलाची भावजय, ताक घेऊन आली होती. तिथंच थांबली. "कौल पाडता येतो?" तिने विचारलं. "माज्या लेकीचं, शेवंताचं, पोमगावात ठरत आल्यालं लगीन तुमच्या कौलानं मोडलं. त्यो बी पाडला हुता?"

"न्हाई, इंदूबाई. शपथ घेतो. तवा न्हाई."

"तुमच्या शपथीला काय करू मी आता?" ती म्हणाली. ताकाचं भांडं तिथंच उंबऱ्यावर ठेवून ती आत गेली.

हैबतरावांनी तपकिरीची चिमूट ओढली. "बगितलंस? येक कौल खोटा म्हनलास की तीस वर्सांचं समदं उकरून निघंल. घरोघरी भांडनं लागतील. गप ऱ्हा. तिला येयाचं तर येऊ दे, कोन काय म्हनायचं न्हाई. पर बोंबलत फिरू नगंस."

"तिला कोन सांगनार, ये म्हून?"

"कोन म्हंजी? तूच जा की," पाटील म्हणाले. "तूच धाडलीस."

खिंडीपलीकडे जायला निम्मा दिवस लागला. सारजाबाईने भावांच्या जागेशेजारी कुडाचं एक खोपट घातलं होतं. ती दावणीपाशी शेळीचा खूर साफ करत बसली होती. त्याला पाहून उठली नाही.

"गुरवबाबा? हिकडं कुटं?"

तो उभाच राहिला आणि सगळं सांगितलं. या वेळी मधे कुठे थांबला नाही. ती खूर साफ करत ऐकत होती. शेवटी तिने एकच विचारलं.

"उजवी कळी लावताना तुमाला ठावं हुतं?"

"व्हय."

"आन् माजं तोंड बगत हुता तवाबी ठावं हुतं?"

"व्हय, सारजा."

तिने शेळीचा पाय सोडला. शेळी उड्या मारत पळाली. "मला कशाला सांगताय मग? म्या तोडली न्हाई, ह्ये मला पयल्यापास्नं ठावं हाय. त्येला सांगा जावा." तिने मानेने खोपट दाखवलं. "दीड म्हयना झाला, माज्याशी बोलत न्हाई. म्हनतो, तू आईच्या झाडाला हात लावलास, म्हून मला बरं वाटंना झालंय. माज्या हातचं पानी घेताना डोळं मिटतो. रोज मिटतो."

कुशाबा खोपटात वाकून शिरला. आत धुळा घोंगडीवर उताणा पडला होता. त्याला पाहून त्याने दोन्ही हात जोडले.

"गुरवबाबा, आलासा? आईचा अंगारा आनलाय का?"

"न्हाई, धुळा. येक सांगाया आलोय. सारजानं फांदी तोडली न्हाई. म्या तोडली."

धुळ्याने त्याच्याकडे पाहिलं आणि मंद हसला, लहान मुलाच्या खोटेपणाला हसावं तसा. "तुमी लई भले मानूस. तिच्यापायी एवढं चढून आलासा. पर आईनं सांगितलंय न्हवं? आई खोटं बोलंल व्हय?"

बाहेर सारजाबाईचा आवाज थांबला होता. ती शेरडांना हाकत होती, ती आता उभी राहून ऐकत असावी. तीस वर्षं लोक हेच वाक्य म्हणत आले होते आणि तीस वर्षं कुशाबाने मान हलवली होती.

"आई काय बोलली न्हाई, धुळा," तो म्हणाला. "आई कदीच काय बोलत न्हाई. त्यो म्या बोलल्यालो."

धुळ्याच्या तोंडावरचं हसू गेलं. त्याने जोडलेले हात सोडले. तोंड कुडाकडे फिरवायला त्याला फार कष्ट पडले, कंबर साथ देत नव्हती. कुशाबा मदतीला पुढे झाला, तर त्याने कोपराने त्याचा हात झटकला.

"जावा," धुळा कुडाकडे बघत म्हणाला. "असलं बोलू नगा माज्याम्होरं."

कुशाबा गेला नाही. तो खाली मातीत बसला आणि पहिल्यापासून सांगू लागला. पाटलाने बोलावून घेतलं तिथपासून, धुक्यापासून आणि वाऱ्यापासून, कळी किती वेळ पाण्यात धरली आणि कोणती नुसती टेकवली तिथपर्यंत. धुळ्याने तोंड कुडाकडेच ठेवलं. सांगून संपलं तेव्हा कुशाबा थोडा थांबला, घसा ओला केला आणि परत पहिल्यापासून सुरू झाला. दारात सारजाबाई येऊन बसली होती. शेरडं तशीच पांगली होती, पण तिने त्यांना हाक घातली नाही.